पदवीच्या वर्षांत धर्माचा अभ्यास कसा जुळवावा

महाराष्ट्रातील बहुतेक महाविद्यालयांत धर्माभ्यासाचा स्वतंत्र विभाग नसतो. तत्त्वज्ञानाच्या विभागात धर्माचे तत्त्वज्ञान शिकवतात, समाजशास्त्रात धर्मसंस्थेवर एखादे प्रकरण असते, इतिहासात भक्तिपरंपरा येते, मराठीत संतसाहित्य येते, संस्कृत आणि पालीच्या वर्गांत ग्रंथ वाचले जातात. पण या सर्वांना एकत्र आणणारा वर्ग कुठेच भरत नाही. त्यामुळे ज्या विद्यार्थ्याला धर्म हाच आपला विषय करायचा आहे, त्याला आपला अभ्यासक्रम उपलब्ध विषयांतून स्वतःच जुळवावा लागतो. तो कसा जुळवावा, त्यात काय घ्यावे आणि विशेषतः काय सोडावे, हे येथे एका ठिकाणाच्या आधाराने मांडले आहे. ते ठिकाण म्हणजे पुणे जिल्ह्यातील पुरंदर तालुक्यातले जेजुरी.

प्रथम एक शंका मिटवून घ्यावी, कारण ती घरी, वर्गात आणि पुढे गावोगाव फिरतानाही वारंवार विचारली जाते. धर्माचा अभ्यास करणे आणि धर्माचे शिक्षण घेणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आळंदीच्या वारकरी शिक्षणसंस्थेत, मदरशात किंवा ख्रिस्ती सेमिनरीत जे शिकवले जाते ते त्या त्या परंपरेच्या आतून आणि त्या परंपरेच्या सेवेसाठी शिकवले जाते. त्याचे मोल कमी नाही, परंतु महाविद्यालयाचे काम निराळे आहे. पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धार्मिक शिक्षण देता येणार नाही, असे राज्यघटनेचा 28 वा अनुच्छेद सांगतो. धर्मांविषयीचा अभ्यास या मनाईत येत नाही, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2002 साली अरुणा रॉय खटल्याच्या निकालात घेतली आणि हाच भेद शिक्षणाचा विचार करणाऱ्या कोठारी आयोगाने त्याच्या कितीतरी आधी, 1964 ते 1966 या काळातील आपल्या कामात केला होता. श्रद्धाळू विद्यार्थ्याला हा अभ्यास करण्यासाठी श्रद्धा सोडावी लागत नाही आणि नास्तिक विद्यार्थ्याला ती धारण करावी लागत नाही. दोघांनाही एवढेच करावे लागते, की आपले मत हा पुरावा नव्हे, हे मान्य करावे लागते.

मराठी माणसाला हा विषय परका वाटण्याचे खरे तर काही कारण नाही. फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेतलेले विठ्ठल रामजी शिंदे 1901 ते 1903 या काळात ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माचा अभ्यास करत होते. परत आल्यावर 1906 साली त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन स्थापन केले आणि 1933 साली अस्पृश्यतेच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिताना इतिहास, भाषा आणि प्रत्यक्ष फिरून केलेली पाहणी ही तिन्ही साधने वापरली. आज ज्याला आंतरविद्याशाखीय पद्धत म्हणतात ती त्यांनी नाव न देता अवलंबली होती.

विषयांची निवड

नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्रात लागू झालेल्या पदवी-रचनेत मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडीचा दुय्यम विषय), ओपन इलेक्टिव्ह (इतर शाखेतून निवडायचा ऐच्छिक विषय), भारतीय ज्ञानप्रणालीचा पेपर आणि फील्ड प्रोजेक्ट (प्रत्यक्ष ठिकाणी जाऊन करायचा प्रकल्प) असे घटक असतात. प्रत्येक महाविद्यालयात उपलब्ध विषय वेगळे असल्याने प्रवेशाच्या वेळी माहितीपत्रक नीट वाचावे, आणि कोणत्या विषयांच्या जोड्या वेळापत्रकात एकमेकांवर येतात हे कार्यालयात विचारून घ्यावे. पुष्कळ चांगल्या योजना वेळापत्रकापाशीच मोडतात.

मेजर निवडताना त्या विषयात धर्माविषयी किती प्रकरणे आहेत हे पाहू नये. तो विषय कोणती पद्धत शिकवतो ते पाहावे. इतिहास घेतला तर कागदाची तारीख, कर्ता आणि हेतू तपासायला शिकता येते. समाजशास्त्र किंवा मानवशास्त्र घेतले तर मुलाखत, निरीक्षण आणि नोंद यांची शिस्त लागते. संस्कृत, पाली, फारसी किंवा मराठी घेतली तर ग्रंथ शब्दाशब्दाने वाचता येतो, पाठभेद कळतात. तत्त्वज्ञान घेतले तर युक्तिवादाचे दुवे सुटे करून पाहता येतात. यांपैकी एक पद्धत पदवीच्या वर्षांत पक्की आली पाहिजे. आंतरविद्याशाखीय या नावाखाली सहा विषयांची तोंडओळख करून घेणारा विद्यार्थी शेवटी कोणत्याच विषयाच्या परीक्षकाला समाधानकारक उत्तर देऊ शकत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

मायनर मात्र मेजरशी भांडणारा असावा. इतिहासाच्या विद्यार्थ्याने पुन्हा कागदांचाच विषय घेण्यापेक्षा समाजशास्त्र घ्यावे, म्हणजे ज्यांचा कागद कधी झालाच नाही त्या माणसांकडे जावे लागते. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने एखादी अभिजात भाषा किंवा इतिहास घ्यावा, म्हणजे आज दिसणारी प्रथा अनादी असल्याचा भ्रम राहत नाही. एकाच प्रश्नाकडे दोन शास्त्रांनी पाहिले की पुरावा कशाला म्हणावे यावर त्यांचे मतभेद होतात आणि आंतरविद्याशाखीय अभ्यासाला खरी सुरुवात त्या मतभेदापासून होते. अर्थशास्त्र, कायदा किंवा भूगोल हे ओपन इलेक्टिव्ह म्हणून घेतले तरी पुरते.

भाषेचा विचार पहिल्याच वर्षी करावा, कारण तिला वेळ लागतो. मध्ययुगीन महाराष्ट्रावर काम करायचे असेल तर मोडी वाचता यावी. राज्याचा पुराभिलेख विभाग आणि काही संस्था तिचे अल्पमुदतीचे वर्ग घेतात. भाषा शेवटच्या सत्रात सुरू करून उपयोग नाही.

धर्म नव्हे, प्रश्न निवडावा

प्रकल्पाचा विषय म्हणून हिंदू धर्म, इस्लाम किंवा बौद्ध धर्म असे काही लिहून दिले की काम बुडालेच म्हणून समजावे. इतक्या मोठ्या नावाखाली विद्यार्थी विश्वकोशातील माहिती पुन्हा लिहितो. त्याऐवजी एक ठिकाण, एक विधी किंवा एक वाद घ्यावा आणि त्यातून एका वाक्यात मावणारा प्रश्न काढावा. जेजुरीपुरता असा प्रश्न पुढीलप्रमाणे मांडता येईल: खंडोबाजवळ गडावर म्हाळसा आहे, मग बाणाईचे मंदिर गडाच्या निम्म्या वाटेवर का?

प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरासाठी किती दारे ठोठवावी लागतात ते पाहण्यासारखे आहे.

ग्रंथांपासून सुरुवात करू. संस्कृतातील मल्हारी माहात्म्य स्वतःला ब्रह्मांडपुराणाचा भाग म्हणवते. त्यात मणी आणि मल्ल या दैत्यांचा वध करण्यासाठी शिव मार्तंडभैरवाचे रूप घेतो. या परंपरेत म्हाळसा ही पार्वती आणि बाणाई ही गंगा ठरते. ग्रंथ वाचणारा विद्यार्थी येथेच थांबला, तर त्याला वाटेल की खंडोबा हा शिवाचा अवतार असून दोन पत्नींची जोडी शिवाच्या पार्वती-गंगा या जोडीवरून घेतली आहे. हे उत्तर चुकीचे नाही, पण ते ग्रंथकर्त्याचे उत्तर आहे. आपण पुराणाचा भाग आहोत असे सांगण्याची गरज एखाद्या ग्रंथाला का वाटते, हा पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय ग्रंथाचे वाचन पूर्ण होत नाही.

आता धनगरांच्या ओव्या आणि वाघ्या-मुरळींच्या जागरणातील गाणी ऐकावीत. तेथे गंगेचे फारसे नाव नसते. तेथे खंडोबा म्हाळसेला सोडून बाणाईच्या मागे जातो, तिच्या वाड्यावर चाकरी करतो, मेंढरे राखतो, तिच्याशी लग्न करून तिला जेजुरीला आणतो आणि मग दोन सवतींचे कडाक्याचे भांडण जुंपते. म्हाळसा नेवाशाच्या लिंगायत वाण्याची लेक, बाणाई धनगराची. एकीचा संसार दुकान आणि घर यांचा, दुसरीचा कळप आणि रान यांचा. भांडणाचा निकाल असा लागतो, की गडाचा वरचा भाग म्हाळसेचा आणि खालचा बाणाईचा. मंदिराच्या जागेचे कारण संस्कृत ग्रंथापेक्षा या गाण्यांत अधिक सरळ सापडते. शिवाय परंपरेत देवाच्या आणखीही पत्नी सांगितल्या जातात, त्यांत शिंपी आणि माळी समाजांतील स्त्रिया आहेत. समाजशास्त्राचा विद्यार्थी येथे जातींच्या परस्परसंबंधांचा नकाशा पाहील, आणि त्याचे पाहणे रास्त ठरेल; फक्त ज्या गायकाने ते गाणे गायले त्याला तो नकाशा अभिप्रेत होता असे लिहू नये.

या सामग्रीवर सर्वांत मोलाचे काम करणाऱ्यांपैकी एक, गुंथर सोन्थायमर, हे जर्मन विद्वान मुळात कायद्याचे अभ्यासक होते. हिंदू एकत्र कुटुंबाच्या कायदेशीर इतिहासावर संशोधन केल्यानंतर ते धनगरांच्या वाड्यांवर गेले, त्यांच्या ओव्या ध्वनिमुद्रित केल्या आणि खंडोबा, बिरोबा, म्हसोबा या देवांकडे पशुपालकांच्या जीवनाच्या अंगाने पाहिले. पावसाळ्यात पूर्वेकडच्या कमी पावसाच्या मुलखात राहायचे आणि पुढे कोरड्या दिवसांत पश्चिमेकडे कोकणाच्या दिशेने उतरायचे, ही धनगरांची फिरती लक्षात घेतली, की डोंगराळ मावळ आणि कोरडे पठार यांच्या सीमेवरील जेजुरीचे स्थान वेगळे दिसू लागते. येथे भूगोलाचे पुस्तक उघडावे लागते आणि पर्जन्यमानाचा नकाशा समोर ठेवून देवस्थानांच्या जागा त्यावर मांडाव्या लागतात. पदवीच्या विद्यार्थ्यालाही हे काम सहज जमण्यासारखे आहे, आणि आश्चर्य म्हणजे ते फार थोडे विद्यार्थी करतात.

इतिहासाचा भाग तुलनेने सोपा आहे, कारण साधने दगडात आहेत. मल्हारराव होळकर धनगर कुळातले, खंडोबा हे त्यांचे कुलदैवत आणि जेजुरीतील बांधकामांना होळकरांचा मोठा आश्रय मिळाला. दीपमाळा, कमानी आणि पायऱ्या यांवर दात्यांचे लेख आहेत. त्यांची यादी करावी: नाव, गाव, जात लिहिली असल्यास ती, शक किंवा संवत्, आणि दान काय दिले. अशी यादी हातात आली की सत्ता बदलल्यावर दाते कसे बदलतात हे अनुमान न करता दाखवता येते. बाणाईच्या प्रश्नाशीही तिचा संबंध आहे, कारण धनगर सरदार वैभवाला आल्यावर बाणाईचे स्थान बदलले की तसेच राहिले, हे या नोंदींतूनच तपासता येईल.

औरंगजेबाच्या सैन्यावर गडावरून भुंगे सुटल्याची कथा जेजुरीत ऐकायला मिळते. इतिहासाचा विद्यार्थी तिला समकालीन आधार मागेल. लोकसाहित्याचा विद्यार्थी अशाच कथा आणखी कोणत्या देवस्थानांविषयी सांगितल्या जातात ते विचारेल. दोघांनी एकमेकांची थट्टा करण्याचे कारण नाही, कारण एक जण घटनेविषयी बोलत आहे आणि दुसरा आठवणीविषयी.

कायद्याचे दार सर्वांत जड आहे. खंडोबाला मुली वाहण्याच्या प्रथेतून मुरळी झालेल्या स्त्रियांचा प्रश्न श्रद्धा, लैंगिक शोषण, उपजीविका आणि कला या चारही बाजूंनी समोर येतो. देवाला स्त्रिया वाहण्याविरुद्ध मुंबई प्रांतात 1934 साली कायदा झाला आणि महाराष्ट्राने 2005 साली देवदासी प्रथेच्या निर्मूलनाचा कायदा केला. कायद्याचा मजकूर वाचणे पदवीच्या विद्यार्थ्याला शक्य आहे आणि त्याने तो वाचावा; मात्र या स्त्रियांच्या मुलाखती पहिल्याच प्रकल्पात, मार्गदर्शक सोबत नसताना घेऊ नयेत. येथे अभ्यासाच्या हौसेपेक्षा त्यांची सुरक्षितता मोठी आहे.

अर्थव्यवहाराकडे एखादा दिवस तरी द्यावा. भंडारा आणि खोबरे कुठून येते, कोण विकते, सोमवती अमावास्येला आणि चंपाषष्ठीला उलाढाल कशी बदलते, पौष पौर्णिमेच्या गाढवांच्या बाजारात कोणकोणते समाज येतात, हे दुकानदारांना विचारले तर ते आनंदाने सांगतात. आपल्या महाविद्यालयात रसायनशास्त्राचा एखादा मित्र असेल तर विकत घेतलेल्या भंडाऱ्यात हळद किती आणि इतर काय, ही तपासणी त्याच्याकडून करून घेता येईल. विज्ञान शाखेला या विषयात शिरण्यासाठी यापेक्षा चांगली वाट मला सुचत नाही.

सिद्धांत केव्हा वाचावेत

पुष्कळ पाठ्यक्रम धर्माविषयीचे सिद्धांत मांडणाऱ्या विल्यम जेम्स, एमिल द्युर्खेम, मॅक्स वेबर यांच्यापासून सुरू होतात. ते वाचलेच पाहिजेत, पण माझी शिफारस अशी आहे की पहिली क्षेत्रभेट झाल्यानंतर वाचावेत. आधी वाचले तर विद्यार्थी गडावर जाऊन द्युर्खेमने सांगितलेला सामूहिक उन्माद, म्हणजे समूह एकत्र आल्यावर चढणारा भावनेचा जोर, शोधू लागतो आणि तो त्याला सापडतोही, कारण येळकोटाचा गजर आणि हवेत उधळलेला भंडारा पाहून कोणालाही तो सापडेल. द्युर्खेमने 1912 साली प्रसिद्ध केलेला आपला प्रमुख ग्रंथ ऑस्ट्रेलियातील आदिवासींविषयीच्या वृत्तांतांवर उभारला, परंतु तो स्वतः ऑस्ट्रेलियाला कधी गेला नाही, हेही वाचताना लक्षात असू द्यावे. 1967 साली लँकेस्टर विद्यापीठात धर्माभ्यासाचा विभाग सुरू करणाऱ्या निनियन स्मार्ट यांनी धर्माच्या अनेक अंगांची (विधी, कथा, अनुभव, तत्त्व, नीती, समाज, वस्तू) जी मांडणी केली, ती मात्र भेटीपूर्वीही उपयोगी पडते, कारण आपल्या टिपणवहीत कोणते रकाने रिकामे राहिले आहेत ते तिच्यामुळे कळते. भारतीय सामग्रीवरून घडलेल्या संकल्पनांपैकी एम. एन. श्रीनिवास यांची संस्कृतीकरणाची संकल्पना (खालच्या मानल्या गेलेल्या जाती वरच्यांच्या चालीरीती उचलून दर्जा वाढवू पाहतात, ही) बाणाईच्या गंगा होण्यावर लावून पाहावी. ती बरीचशी लागू पडते. पण गाण्यांतील बाणाई आजही धनगरीणच राहिली आहे, याचे उत्तर ती संकल्पना देत नाही, आणि प्रबंधातील सर्वांत चांगली पाने बहुधा या अडचणीवरच लिहिली जातात.

तुलना करायची असेल तर संपूर्ण धर्मांची करू नये. नवस ही एकच गोष्ट घ्यावी. जेजुरीला तळी भरणारे आणि जागरण घालणारे कुटुंब, वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात, पाय किंवा घर वाहणारे भाविक आणि दर्ग्यावर चादर चढवणारे भाविक यांच्यात देवाशी किंवा संताशी झालेला करार कसा सांगितला जातो, तो फेडला नाही तर काय होते असे मानतात आणि त्या त्या धर्माचे अधिकृत शास्त्र या व्यवहाराकडे कोणत्या नजरेने पाहते, एवढे तीन प्रश्न पुरेसे आहेत. तिसऱ्या प्रश्नावर तिन्ही ठिकाणी अवघडलेली उत्तरे मिळतील आणि तीच जपून लिहून घ्यावीत.

गडावर गेल्यावर

महाविद्यालयाचे पत्र जवळ ठेवावे आणि देवसंस्थानच्या कार्यालयात आधी भेटावे. पहिली भेट यात्रेच्या दिवशी ठेवू नये. गर्दीत काही विचारता येत नाही. एखाद्या साध्या दिवशी सकाळी चढावे, पायऱ्यांवरून फक्त पाहत जावे, आणि कडेपठारालाही जावे, कारण जुने स्थान ते आहे. ध्वनिमुद्रण किंवा छायाचित्रण करण्यापूर्वी विचारावे. अंगात आलेल्या माणसाचे चित्रीकरण त्याला शुद्ध नसताना करणे हे संमतीशिवाय केलेलेच चित्रीकरण होय, मग भोवतालच्या कितीही लोकांनी मान डोलावली असली तरी. कोणी भंडारा लावला तर नाकारू नये. तो लावून घेतल्याने तटस्थता जात नाही. माहिती देणाऱ्यांची नावे टिपणवहीत सांकेतिक ठेवावीत.

खंडोबा हे ज्यांचे स्वतःचेच कुलदैवत आहे अशा विद्यार्थ्यांची अडचण वेगळी असते. त्यांना बरेच काही आधीच ठाऊक असते आणि म्हणून ते विचारतच नाहीत. अशा विद्यार्थ्याने आपल्या घरातील कुळाचाराची नोंद सर्वप्रथम करावी, आजीला किंवा काकांना बोलते करावे आणि ती नोंद इतर मुलाखतींसारखीच एक मुलाखत म्हणून ठेवावी.

लिहिताना प्रत्येक विधानाचा मालक दिसला पाहिजे. माहात्म्यात असे आहे, पुजाऱ्यांच्या मते असे आहे, वाघ्याने गायले ते असे, लेखावर असे कोरले आहे आणि माझे अनुमान असे, हे पाच आवाज एका वाक्यात मिसळू देऊ नयेत. खंडोबा हा मूळचा अमुक देव होता, अशी वाक्ये शक्यतो टाळावीत. मैलार आणि मल्लण्णा या नावांनी कर्नाटकात आणि तेलुगू प्रदेशात पसरलेल्या या दैवताच्या मुळाविषयी मोठ्या अभ्यासकांतही एकमत नाही, आणि पदवीच्या प्रकल्पाने तो वाद मिटवावा अशी कोणाचीही अपेक्षा नसते.

संदर्भांसाठी पुण्यात भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, भारत इतिहास संशोधक मंडळ आणि डेक्कन कॉलेज यांची ग्रंथालये आहेत. बाहेरच्या विद्यार्थ्याने प्राचार्यांचे पत्र घेऊन जावे. गोव्यातील विद्यार्थ्याला पर्वरीचे झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्र जवळ पडेल. पदवीनंतर याच विषयात राहायचे असेल तर पुणे विद्यापीठाचा पाली व बौद्ध अध्ययन विभाग, मुंबईत विद्याविहारच्या सोमय्या विद्यापीठातील धर्माभ्यासाचे अभ्यासक्रम आणि पतियाळाच्या पंजाबी विद्यापीठातील धर्माध्ययन विभाग यांची माहिती काढावी. मानवशास्त्र किंवा इतिहासात एम. ए. करून धर्मावर प्रबंध लिहिणे हा मार्गही तितकाच चांगला आहे, आणि शिक्षकाची नोकरी पाहणाऱ्याला तो अधिक सोयीचा पडतो, कारण जाहिराती अजून जुन्या विषयांच्या नावांनीच निघतात.